हर्राशीत गेलेलं चोपडं

अप्पांची आणि माझी ओळख रद्दीच्या तराजूपाशी झाली. मी पिंगळीचा. परभणीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो आणि रविवारी स्टेशनाजवळच्या रद्दीच्या दुकानात उकिडवा बसून जुनी चोपडी धुंडाळत होतो. अप्पा मानवतचे, सरकीचे आणि धान्याचे व्यापारी, गळ्यात लिंग, बोलणं हळू. त्या दिवशी एकाच गठ्ठ्यात आम्हा दोघांचे हात गेले. मराठी मुलांना उर्दू शिकवणारं, निजामाच्या राज्यातलं एक शाळेचं पुस्तक होतं.

"गुरुजी, तुम्हाला उर्दू येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सोडा की."

"तुम्हाला येतं?"

"मला बी न्हाई. माझ्या बापाला यायचं. तो ह्याच्यावरच शिकला असंल."

मी हात काढून घेतला. त्या दिवसापासून पुढं सव्वीस वर्षं आमची सोबत राहिली. जुन्या पोथ्या, पंचांगं, सभांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, छापखान्यांनी वाटलेली कॅलेंडरं, जे जे लोक टाकून देतात ते आम्ही वजनावर घेत होतो. मी बौद्ध घरातला, ते लिंगायत. या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी दोघांच्या मधे एकच ताट ठेवलं, चिवड्याचं. मला तेवढं पुरलं.

माझा स्वतःचा शोध एकाच चोपड्याचा होता. धर्मांतरानंतरच्या वर्षांत पोखर्णीकडच्या माझ्या आजोळी जलसा उभा राहिला होता आणि माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्याचे शाहीर होते. त्यांची गाणी परभणीतल्या एका छापखान्यानं सोळा पानांत छापली होती, असं मामा सांगायचे. घरात एकही प्रत राहिली नव्हती. मी अप्पांना सांगून ठेवलं होतं, दिसलं तर मला कळवा. दर दिवाळीला आठवण द्यायचो. "बघू," एवढंच ते म्हणायचे.

अप्पा गेल्या वर्षी अचानक गेले. त्यांना बसवून माती दिली तेव्हा मी तिथं होतो. महिनाभरानं वहिनींचा फोन आला. मी मानवतला गेलो. पुस्तकांची खोली उघडी होती, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"पोरगा म्हणतो, पुण्याचा एक माणूस सगळं एकगठ्ठा न्यायला तयार हाय," वहिनी म्हणाल्या. "मला तसं नको वाटायलंय. एकगठ्ठा रद्दी जाती. ज्याला जे पाहिजे ते त्यानं बघून, बोली लावून न्यावं. मार्केटात कापसाची हर्राशी होती, तशी करा. यादी तुमी करा अन् पुकारा बी तुमीच. त्यांच्यामागं ह्यातलं कळणारं दुसरं कोण हाय?"

मी हो म्हणालो, आणि आपणहून एक अट घातली. जो पुकारतो त्यानं बोली लावायची नाही. यातलं एक पानही मी घेणार नाही. नाहीतर लोक म्हणतील, यादी करणाऱ्यानंच चांगलं ते उचललं. हे बोलताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

शाळेच्या जुन्या हजेरीपटावर मी यादी करायला बसलो. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परतायचं. एकेक बस्ता सोडायचा, पानं मोजायची, कसर लागलेली पानं वेगळी लिहायची. नवव्या दिवशी पंचांगांच्या एका बस्त्यात, दोन पंचांगांच्या मधे, ते सापडलं. मागचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, मुखपृष्ठावर फिकट निळ्या शाईत जलशाचं नाव, खाली माझ्या आजोबांचं.

अप्पांची एक सवय होती. प्रत्येक वस्तूच्या मागं ते पेन्सिलीनं लिहायचे, कुठं मिळाली आणि कधी. इथंही लिहिलं होतं. रद्दी, परभणी. आणि साल. मी ते साल दोनदा वाचलं. सतरा वर्षांपूर्वीचं होतं. म्हणजे सतरा दिवाळ्या मी त्यांच्यासमोर बसून विचारत होतो, आणि चोपडं माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं.

शेवटच्या पानावर साथीदारांची नावं होती. ढोलकीवर अमुक, झांजेवर तमुक. सगळ्यात शेवटी, "गायिका कुमारी" असं छापून, माझ्या आईचं माहेरचं नाव.

आई कधी गात नव्हती. निदान मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. पाळण्यापाशी, शेतात, दळताना, कधीच नाही. बुद्धवंदनेलासुद्धा ती ओठ हलवायची, आवाज बाहेर येत नसे. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी ते चोपडं पिशवीत घातलं. हे मी सांगितलंच पाहिजे. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि यादीत ते अजून आलेलं नव्हतं. मी परभणीची एसटी धरली. घरी येऊन सगळी गाणी आणि शेवटच्या पानावरची नावं वहीत उतरवून घेतली. मग ते कुठं ठेवावं म्हणून माझं कपाट उघडलं, तर समोरच माझी लाल फडक्यातली पोथी दिसली. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली, वीरशैवांच्या आचारांची. ती मला नऊ वर्षांपूर्वी जिंतूरच्या बाजारात मिळाली होती. अप्पा जन्मभर तशा पोथीच्या मागावर होते. मला तिचा काहीच उपयोग नव्हता, तरी मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी दोन्ही घेऊन मी मानवतला परत गेलो. वहिनींना सगळं खरं सांगितलं. पोथी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली.

"चोपडं परत कशाला आणलं?" मग त्यांनी विचारलं. "ठेवायचं होतं तुमच्याकडं."

"अप्पांनी मला सांगितलं नाही, वहिनी. सतरा वर्षं."

"मला ठाऊक हाय. त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणायचे, गुरुजीला दाखवलं तर तो मागंल, अन् त्यानं मागितल्यावर मला न्हाई म्हणता यायचं न्हाई. तुमी यायच्या दिवशी दोन-चार बार बाहेर काढून ठिवलं होतं. मग तुमी यायच्या आधी परत आत. लोभ होता, गुरुजी. दुसरं काय सांगू? आता मी देते. घ्या."

घ्यायला हवं होतं. ते त्यांचं होतं आणि त्या मनापासून देत होत्या. पण माझ्या आत राग बसला होता. ज्यानं द्यायचं त्यानं दिलं नाही, आता त्याच्यामागं दान म्हणून मी का घेऊ, असं काहीतरी. पुकारणाऱ्यानं घ्यायचं नाही ही माझी अट मी पुढं केली. खरं कारण अट नव्हती. मी हजेरीपटावर नवा आकडा टाकला आणि चोपडं यादीत लिहिलं.

हर्राशी एका रविवारी सकाळी दुकानामागच्या गोदामात झाली. सरकीची पोती एका बाजूला सारून मांडववाल्याच्या खुर्च्या लावल्या होत्या. तीसएक माणसं आली. परभणीतल्या कॉलेजचे एक प्राध्यापक, गंगाखेडचे दोन कीर्तनकार, काही नुसतेच बघायला आलेले व्यापारी, आणि पुण्याचे ते पुस्तकविक्रेते, पन्नाशीचे, हातात भिंग. वहिनी आतल्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

मी एकेक वस्तू हातात धरून वर्णन सांगत होतो, पहिलं पान दाखवत होतो, शेवटचं पान वाचत होतो, आणि बोली पुकारत होतो. मार्केटात आयुष्य गेलेल्या व्यापाऱ्यांना मजा वाटत होती. ते उर्दूचं पुस्तक कॉलेजनं घेतलं. पोथ्या कीर्तनकारांनी घेतल्या. मी दिलेली लाल फडक्यातली पोथी वहिनींनी हर्राशीला काढली नाही.

मग चोपड्याचा आकडा आला. मी नाव वाचलं, पानं सांगितली, कुरतडलेला कोपरा दाखवला. प्राध्यापकांनी सुरुवात केली. पुण्याच्या माणसानं बोली वाढवली. दोघंही थांबेनात. व्यापारी वळून बघायला लागले की एवढ्या बारक्या चोपड्यात काय आहे. मी मधे पाणी प्यालो, आणि पाणी पिताना मला कळलं की मी उशीर करतोय, कुणीतरी काहीतरी करून हे थांबवावं म्हणून. दाराशी वहिनी माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी एकदा मान किंचित वर केली. म्हणजे, अजून सांगा, मी थांबवते. मी नजर काढून घेतली.

प्राध्यापक थांबले.

"एकवार," मी म्हणालो. "दोनवार." पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघायला वेळ लागला. "तीनवार." आणि टेबलावर पट्टी आपटली.

दुपारी सगळे जेवत असताना पुण्याचे ते गृहस्थ ताट हातात घेऊन माझ्याजवळ आले.

"सर, तुम्ही प्रत्येक वस्तूचं शेवटचं पान वाचून दाखवत होता. त्या जलशाच्या पुस्तिकेचं नाही वाचलंत."

मी हजेरीपट मिटला.

"नुसतं उलटलंत आणि मिटलंत. काही चुकलंय का त्यात? पान बदललेलं वगैरे?"

"नाही. पान बरोबर आहे. त्यात माझ्या आईचं नाव आहे."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "मग हे तुम्ही घ्या. मी जेवढ्याला घेतलं तेवढ्यालाच."

मी नको म्हणालो. या वेळी रागानं नाही. तीस माणसांसमोर मी ते विकलं होतं, आणि विकलेलं परत घ्यायचं नसतं, एवढं मानवतच्या गोदामात बसून कोणालाही कळतं. त्यांनी ताट परत उचललं.

"ठीक आहे. मग मी ते कुणा हौशी माणसाला देणार नाही. जिथं लोक येऊन वाचतील अशाच ठिकाणी देईन. पण सोबत एक टिपण लागेल. या गायिका कोण होत्या, किती वर्षं गात होत्या, पुढं काय झालं. चार ओळी लिहून द्याल?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला यातलं काहीच माहीत नाही. सव्वीस वर्षं मी रद्दीच्या दुकानांतून एका चोपड्यामागं फिरलो. आई घरात चूल पेटवत होती, मला डबा भरून देत होती. तिला मी विचारलं होतं फक्त एकदा, तुझ्या बापाचं चोपडं कुठं आहे म्हणून. ती म्हणाली होती, "मला काय माहीत."

पुढच्या आठवड्यात मी आजोळी गेलो. मामा आता नाहीत. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, अजून आहे, गुडघे धरून अंगणात बसलेली असते. मी तिला वहीतली गाणी वाचून दाखवली आणि मग साथीदारांच्या यादीतलं आईचं नाव वाचलं. तिनं माझ्या हातातली वही ओढून घेतली, जणू तिला वाचता येत होतं.

"हे तुला कुठं घावलं?"

मी सांगितलं.

"त्याच्यावर शाई न्हाई?"

"कसली शाई?"

मावशी सांगायला लागली. आई बारा वर्षांची असल्यापासून गात होती. बैलगाडीवर उभी राहायची. बाप्ये ढोलकी घेऊन खाली, ही वर. "लय मोठा आवाज. पल्याडच्या वस्तीवर जायचा. तिथली माणसं कंदील घेऊन यायची." चार वर्षं गायली. मग लग्न ठरलं. माझ्या वडलांच्या वडलांनी एकच अट घातली, गाडीवर उभं राहून गाणारी सून आमाला नको. आजोबांनी शब्द दिला. आणि सोयऱ्यांच्या हाती चोपडं पडू नये म्हणून घरात उरलेल्या सगळ्या प्रती काढून त्यांनी आईचं नाव शाईनं खोडून टाकलं.

"अन् आई कुठं होती तेव्हा?" मी विचारलं.

"तिथंच. दौत धरून बसली होती."

"रडली का?"

"न्हाई रे. रडाया काय? अण्णाची, म्हंजी आमच्या बापाची, रेघ वाकडी जायली होती, तर ही म्हणली, अण्णा, नीट खोडा, अक्षर दिसायलंय."

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. मग मावशीनं विचारलं, "पुना कधी गायली का रं ती, तुमच्याकडं?"

"नाही."

"तू म्हणला न्हाईस का तिला, गा म्हणून?"

ती गाते हेच मला माहीत नव्हतं. मी वही परत उघडली आणि मावशीनं सांगितलेलं लिहून घ्यायला लागलो.

मी टिपण लिहिलं. चार ओळींची तीन पानं झाली. आईची दोन्ही नावं लिहिली, माहेरचं आणि सासरचं, गाडीवर उभं राहणं लिहिलं, शाईचंही लिहिलं. पुण्याला पाठवलं. दोन महिन्यांनी त्या गृहस्थांचा फोन आला, एका मोठ्या ग्रंथालयानं चोपडं घेतलंय आणि टिपण त्याच्यासोबत जपून ठेवलंय, कधीही येऊन बघा.

वहिनींना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात तुमच्या आईचं नाव हाय हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी दिलं असतं, गुरुजी." असेलही. अप्पांना माझ्या आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं, आणि मी कधी सांगितलंही नव्हतं.

मावशीला ग्रंथालयातलं ते चोपडं बघायला यायचंय. तिचे गुडघे एवढा प्रवास सोसतील का, हे डॉक्टरांना विचारायचं आहे. सध्या थंडी फार आहे. उन्हं जरा तापायला लागली की जाऊ, असं आम्ही ठरवलं आहे.