चंदनाच्या हारातला मी

गेल्या वर्षी एका विनोदी मालिकेत माझं निधन झालं.

दोष माझाच. माझी मुलगी गौरी त्या मालिकेत कामाला आहे. आरे कॉलनीजवळच्या स्टुडिओत शूटिंग चालतं, तेही उलटसुलट क्रमाने. त्यामुळे आधीच्या प्रसंगात जे जिथे होतं ते पुढच्या प्रसंगातही तिथेच आहे ना, हे पाहणं तिचं काम. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, ती खोड जाईना. रोज वाकोल्याच्या घरी वही घेऊन टीव्हीसमोर बसायचो. चहाचा कप उजव्या हातातून आपोआप डाव्या हातात गेला, लिही. सूनबाई संकष्टीला भरदुपारी बटाटेवडे खातात, लिही. (उपास चंद्रोदयानंतर सुटतो, हे लेखकाला कोण सांगणार?) सगळ्यात मोठी चूक भिंतीवर होती. मालिकेतले दिवंगत आजोबा फोटोत सोमवारी मिशीवाले, गुरुवारी सफाचट!

हे गुपचूप गौरीला सांगावं की नाही? मी चॅनेलच्या फेसबुक पानावर स्वतःच्या नावानिशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी गौरी रडवेली होऊन घरी आली. भिंतीवर आणखी एक चूक झाली तर उद्यापासून येऊ नकोस, असं दिग्दर्शकांनी तिला बजावलं होतं. मला फार वाईट वाटलं. प्रायश्चित्त म्हणून मी माझाच एक फोटो अल्बममधून काढून दिला, पंधरा वर्षांपूर्वीचा, भरघोस केसांचा. आता हाच कायम लावा म्हटलं.

"बाबा, हार घालतील हां त्याला."

"घालू देत. चंदनाचा सांग." (फुलांचा हार रोज वेगळा दिसतो. इतका पुढचा विचार मी करतो.)

फक्त मालवणला माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कळवायचं राहिलं. तो भाग लागला तेव्हा अक्का तांदूळ निवडत होती. तिने भिंतीवर मला पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि उठून डोक्यावरून आंघोळ केली. आई सुतक धरून बसलीय, असा भाच्याचा फोन आला. मी म्हटलं, तिला दे.

"अक्का, मी बाळा बोलतोय."

"बाळा गेलो माझो," अक्का हुंदके देत म्हणाली. "तू कोण?"

व्हिडिओवर तोंड दाखवूनही उपयोग झाला नाही. तोंड टीव्हीतही दिसलंच होतं. शेवटी लहानपणी तिने मला शेणाच्या खड्ड्यात ढकललं होतं, ते सांगितलं तेव्हा पटलं. मग ती जास्तच रडली. "जित्या माणसाक हार? तो काढल्याशिवाय मी जेवचंय नाय."

मलाही रडू आलं. सहा महिन्यांत मी तिला एक फोन केला नव्हता.

हार काढला तर भिंतीवर चूक, म्हणजे गौरीची नोकरी गेली. नाही काढला तर अक्का उपाशी. दोन दिवस ती नुसत्या चहावर राहिली. अखेर गौरीने धीर करून दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. मग त्यांनी लेखकाला सांगितलं, आजोबा गेलेच नव्हते, यात्रेत हरवले होते, पुढच्या आठवड्यात परत येतात. हार उतरला, अक्का जेवली, गौरीची नोकरी राहिली.

परत येणारे आजोबा कोण, हा प्रश्नच नव्हता. मी फोटोतलाच सदरा घालून (पोटावरचं बटण लागलं नाही) स्टुडिओत हजर झालो. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे गौरीला म्हणाले, "जुळत नाही गं. दुसरं कोणीतरी बघ."