तात्यांचा माणूस पंपावर

तात्यांच्या गोष्टी सांगायला बसलं की पंचाईत होते. एक सांगून होईस्तोवर दुसरी घडलेली असते! मी रोज संध्याकाळी वहीत दिवसाच्या चार ओळी टिपून ठेवतो. तात्या अध्यक्ष झाले आणि चार ओळी पुरेनात.

तात्या म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. घोडेगाव-शिनोली रस्त्याच्या आतल्या अंगाला पाच गावांची मिळून पाणीयोजना आहे, तिचे ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अध्यक्ष झाले. मी तिथला कारकून. नदीवरचा पंप चालवायचे जुन्नरचे रज्जाकभाई. नुसत्या आवाजावरून बेअरिंग कधी जाणार ते सांगणारा माणूस.

*

तात्या निवडून आले त्या दिवशी मिरवणूक निघाली. गुलाल, ट्रॅक्टर, सगळा थाट. रज्जाकभाई आले नाहीत. वरच्या वाडीची पाण्याची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला विचारलं, "काल रज्जाक कुठं व्हता?"

मी म्हणालो, पंपावर.

"म्हंजे आपला न्हाई."

*

मग पंप चालवणाऱ्याची जागा नव्यानं भरायचं ठरलं. उमेदवार दोन. एक रज्जाकभाई, दुसरा तात्यांच्या जीपमागं फिरणारा बबन. मुलाखतीत तात्यांचा प्रश्न एकच. "मी म्हनलो नदी डोंगर चढती, तर तुमी काय म्हनाल?"

रज्जाकभाईंनी जरा विचार केला. "चढंल की तात्या. पाइप किती इंची टाकताय?"

बबन म्हणाला, "चढतीच. म्या सकाळी बघितली."

पंपाच्या खोलीची चावी बबनला मिळाली.

*

उन्हाळ्यात तात्यांचा वाढदिवस आला. बबननं पहाटे मोटार चालू केली आणि हार घेऊन तो तात्यांकडं गेला. नदी उतरली होती. पंप कोरडाच फिरत राहिला, मोटार जळाली. आठवडाभर पाच गावांच्या बाया ओढ्यात वाळू उकरून वाटीवाटीनं हंडे भरत होत्या.

मी बबनच्या नावानं नोटीस तयार केली. तात्यांनी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"मोटार काय, दुसरी बसंल. पर सकाळी सातला पयला हार त्याचा व्हता. अशी मानसं कुठं मिळत्यात, राव?"

*

नवी मोटार बसली. पावसाळ्यात नदी गढूळ झाली. अशा पाण्यात जंतू मारायला टीसीएल पावडर टाकावी लागते. बबनला तिचा वास सोसत नसे. पोती तशीच थप्पीला राहिली. वरच्या वाडीत घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

बैठकीत मी वही काढली. कोणकोणत्या दिवशी पावडर पडली नाही, ते तारखेनुसार वाचून दाखवलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं.

"भाऊ, ही वही कुनाच्या बाजूची?"

मी म्हणालो, कुणाच्याच नाही. घडलं ते लिहिलंय.

"मंग वाचायची कशाला?"

दाराशी वाडीतल्या सखुबाई उभ्या होत्या. त्यांच्या नातीला सलाइन लावलं होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "तात्या, पोरीला पाजू काय ते तेवढं सांगा. तुमचा हार पाजू?"

तात्यांनी बैठक तहकूब केली. चहा मात्र सगळ्यांना मिळाला.

*

बबनवर माझा राग नाही. आपल्याला पंपातलं काही कळत नाही, हे त्यानं कधी लपवलं नाही. तात्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं. चीड येते ती त्यांना ते ठाऊक असण्याची.

कारण पंधरवड्यातच तात्यांच्या मळ्यातली मोटार बंद पडली. पावसानं ओढ दिलेली, बटाट्याचं पीक माना टाकायला लागलेलं. मी सहीसाठी मळ्यात गेलो होतो. बबन पाना घेऊन पुढं झाला, तसे तात्या ओरडले, "हात लावू नगं!" आणि जुन्नरला जीप पाठवली.

रज्जाकभाई आले. मोटार उघडली, बसवली. दुपारपर्यंत पाटातून पाणी वाहू लागलं. फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "तात्या, वाडीत अजून मानसं आजारी हायेत. उद्यापास्नं पंपावर येऊ का?"

"तिथं बबन हाय की."

"मंग हितं मला का बोलावलं?"

तात्यांना त्यांचा प्रश्नच कळेना.

"आरं, ही मोटार माझी हाय!"