कपाशीवरची अळी

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेण वितळलं आणि त्या वासाने मी माझ्या गावच्या, दुसरबीडच्या बुद्धविहारात पोहोचले. रविवारची वंदना झाली होती. मेणबत्त्या अजून तेवत होत्या. आम्हा मुलांना डोळे मिटून शांत बसवल्यावर वंदना घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "आता खरं सांगा, काय करावं वाटते तुमाले?"

सगळे कलेक्टर म्हणाले. मीही म्हणाले.

"कलेक्टर काय करते गं?"

मग खरं तेच सांगायचं ठरवलं. मान खाली घालून म्हणाले, "मले कपाशीवरच्या अळ्या पाहत बसावं वाटते."

"अळीबाई!" पोरं खिदळली.

ताई हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी एक घेऊन ये. मलेही पाह्यची हाय."

तेव्हा वाटलं, माझी समजूत काढताहेत. आज भिंगाखाली अळी ठेवताना वाटतं, त्यांना ती खरंच पाहायची असावी.