सावकाशभाऊंचे टायर

आमच्या दवाखान्याच्या गाडीवर जे ड्रायव्हर होते, त्यांना सगळे सावकाशभाऊ म्हणायचे. पेशंटची गाडी चालवणाऱ्या माणसाला असं नाव पडावं याचं नव्या माणसाला हसू यायचं. पण दार लावताना सावकाश, स्ट्रेचर उचलताना सावकाश, गोळी गिळतानासुद्धा सावकाश, असं दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडून ऐकलं की हसू आपोआप मावळायचं. मी तिथे नर्स. अकरा वर्षं त्या गाडीत त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले, म्हणून हे सगळं सांगू शकते.

दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी होता आणि वर तीन वस्त्या. रस्ता म्हणावा तर आधी चार किलोमीटर डांबर, मग दगडगोटे, मग एक ओढा आणि शेवटी चिकणमातीचा चढ. त्या चढावर झऱ्याचं पाणी बारा महिने पाझरायचं. गाडी चारही चाकांना जोर लावणारी होती, पण इंजिन कितीही जोर लावो, जमिनीला धरून ठेवायचं काम शेवटी टायरचं. त्या वर्षी टायर पार गुळगुळीत झाले. सावकाशभाऊ माझा हात धरून टायरवर ठेवत म्हणाले, "बघा सिस्टर, माझ्या टकलात आणि ह्याच्यात काही फरक लागतोय का?"

मुख्य कार्यालयातून कागद आला: कोणते टायर हवेत ते कारणासह लिहून पाठवा. आम्ही गावातल्या टायरवाल्या बाईंकडे गेलो. नवऱ्याच्या मागे दुकान त्याच चालवायच्या आणि चाक खोलण्यात भल्याभल्यांना मागे टाकायच्या. त्यांनी दोन टायर भिंतीला टेकवून उभे केले.

"हा चिखलाचा," पहिल्यावर थाप मारून त्या म्हणाल्या. त्याचे रबराचे ठोकळे मुठीएवढे, मधल्या फटी इतक्या रुंद की माझी तीन बोटं आत गेली. "चाक फिरलं की चिखल ह्या फटींतून उडून जातो. कुठेही रुतणार नाही. आणि हा दुसरा सगळीकडचा. ठोकळे लहान, जवळजवळ. डांबरावर, दगडावर लोण्यासारखा चालतो. पण चिकणमातीत फटी बुजतात आणि मग आहेच घसरगुंडी."

"म्हणजे पहिलाच," सावकाशभाऊ लगेच म्हणाले.

"अहो, एवढ्यात कुठे! दोन्ही संच वापरलेले पडलेत माझ्याकडे. पंधरा-पंधरा दिवस चालवून बघा. टायर फळीवर बघून कळत नाही."

ते इतक्या घाईने का बोलले, ते मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे. सतरा वर्षांपूर्वी ते ट्रकवर होते, घरापासून चारशे किलोमीटर लांब. वहिनी बाळंतपणासाठी वरच्या वस्तीत आईकडे गेलेल्या. कळा सुरू झाल्यावर शेजाऱ्याने आपल्या गाडीत घातलं. उतरताना त्याच चढावर गाडी आडवी होऊन रुतली आणि दोन तास हलली नाही. मुलगी गाडीतच झाली. ती रडली नाही. सावकाशभाऊ तिसऱ्या दिवशी पोचले. त्यानंतर त्यांनी ट्रक सोडला आणि दवाखान्याच्या गाडीवर लागले. पुन्हा मूल झालं नाही. वहिनी शिवणकाम करायच्या, हसून बोलायच्या, पण त्या चढावरून गाडीने कधी गेल्या नाहीत. आईकडे जायचं तर मागच्या पायवाटेने दीड तास चालत.

चिखलाचे टायर चढले. पहिल्याच दिवशी गाडी तो चढ अशी चढली की जणू कुणी वरून दोर लावून ओढतंय. सावकाशभाऊ वर पोचल्यावर खाली उतरले, चारही चाकांभोवती फिरले आणि एका चाकावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "सिस्टर, सुटलो."

वरच्या वस्तीत आमच्या एक कायमच्या पेशंट होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे, कारण तीस वर्षं त्या तिथल्या शाळेवर होत्या आणि सावकाशभाऊंनाही त्यांनीच शिकवलेलं. एकट्या राहायच्या. मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून आठवड्यातून दोनदा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. जाताना त्या बसून जात, येताना अंगात त्राण नसे म्हणून स्ट्रेचरवर झोपून. जीभ मात्र जागीच असायची.

"काय रे, शेवटचा बाक," त्या सावकाशभाऊंना म्हणायच्या, "आज तरी खड्डे मोजून ठेवलेस की नाही?"

नव्या टायरांवर पहिल्या फेरीत त्यांनी खड्ड्यांची चौकशी केली नाही. दुसऱ्या फेरीत डोळे मिटून पडून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "थकवा आहे गं, दुसरं काय." तिसऱ्या वेळी आम्ही घ्यायला गेलो तेव्हा त्या तयारच नव्हत्या. घरातल्याच साडीत ओट्यावर बसल्या होत्या.

"आज राहू दे. आठवड्यातून एकदा पुरे होतं."

"बाई, एकदा पुरत नाही. पायावर सूज चढलीय बघा," मी म्हटलं.

"चढू दे. मी काय आता शर्यतीत पळणार आहे?"

सावकाशभाऊ दारातून पुढे आले. "बाई, काय झालं ते सांगा. माझं काही चुकलं का?"

बाईंनी सुजलेला पाय साडीखाली ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुझं नाही रे. तू जपूनच चालवतोस. पण ह्या तुझ्या नव्या टायरांवर येताना अंग असं खिळखिळं होतं, की घरी आल्यावर दोन दिवस हाडं थरथरत राहतात. परवा रात्रभर पलंग हलतोय असंच वाटत होतं. वर चढायला तुला आनंद होतोय, ते मला दिसतं. म्हणून बोलले नाही."

त्या दिवशी बाईंना कसंबसं तयार करून नेलं-आणलं. परतल्यावर सावकाशभाऊ गाडी बंद करून नुसते स्टिअरिंग धरून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला गाडी येते ना?"

"येते म्हणजे... पुढे जाते."

"तेवढं बस्स. मला दगडवाटेवरून फिरवून आणा."

ते मागे जाऊन स्ट्रेचरवर झोपले. मी गिअर बदलताना इतका आवाज केला की एखाद्याला चक्कर यावी. डांबर संपून दगड लागले. ते रुंद ठोकळे प्रत्येक दगडावर आदळत होते, खालून भुंग्यासारखी घरघर येत होती. आरशात मला फक्त त्यांची पावलं दिसत होती, दोन्ही बाजूंना लटलट हलणारी. ओढ्याशी थांबून मी मागचं दार उघडलं. ते उठून बसले होते. हात मांडीवर.

"इतकी वर्षं मी पुढे बसलोय," ते म्हणाले. "मागे काय होतं, ते एकदाही बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी टायर बदलले. टायरवाल्या बाईंनी सगळीकडचा संच बसवला. त्यावरून मागे झोपून सावकाशभाऊंनी पुन्हा फेरी मारली, पुन्हा मीच चालवली. दगड होतेच, पण धक्का येऊन मुरायचा, अंगात शिरायचा नाही. बाईंनाही त्याच आठवड्यात नेलं. येताना त्यांनी ओढा यायच्या आधीच विचारलं, "काय रे, शेवटचा बाक, आज झोप लागली होती मला. कुठे पोचलो?" सावकाशभाऊंनी आरशातून मागे बघितलं आणि वेग आणखी कमी केला. पण चढ समोर आला तेव्हा त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. चाकं दोनदा गरगरली. कसेबसे वर निघालो, तेही झऱ्याचा पट्टा सोडून बाकी माती सुकी होती म्हणून.

त्यानंतर आठ दिवस त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसून ते टायरवाल्या बाईंशी वाद घालायचे. शेवटी टायरवाल्या बाईच म्हणाल्या, "एक करून बघा. चढाच्या आधी हवा सोडा. पस्तीस पौंडांवरून अठरावर आणा. टायर खाली पसरतो, जास्त जमीन धरतो. पण तसंच दगडावर चालवलंत तर फाटेल. वर गेल्यावर परत भरावी लागेल."

"दर फेरीला?"

"दर फेरीला. वीस मिनिटं जातील. घाईच्या माणसाचं काम नाही ते."

"मग माझंच आहे," सावकाशभाऊ म्हणाले.

पण सुक्या मातीवर बघून उपयोग नव्हता. थंडीत एकदा तीन दिवस अवकाळी झिमझिम लागून राहिली आणि चढ साबणासारखा झाला. तीच वेळ होती. बाईंना किंवा कुठल्या पेशंटला घेऊन असली चाचणी करता येणार नव्हती. मागे कुणाचं तरी वजन तर हवं. मी म्हटलं, मी झोपते. ते म्हणाले, "तुम्ही खाली उभं राहून चाकं बघायची. मागे वाळूची पोती टाकू."

आम्ही त्यांच्या घरासमोर पोती चढवत होतो. वहिनी दारात उभ्या होत्या, गळ्यात शिवणाची टेप.

"पोती कशाला?" त्या म्हणाल्या. "पोत्याला काय कळणार? मी झोपते."

सावकाशभाऊंच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. "अगं, नको. तू नको."

"का नको? बायामाणसांनाच न्यायचं असतं ना त्यातून? मग बाईमाणसानेच बघितलेलं बरं." त्यांनी टेप काढून खुंटीला लावली, चपला घातल्या आणि आमच्या आधी जाऊन गाडीत बसल्या.

चढाच्या पायथ्याशी सावकाशभाऊ उतरले. एकेका चाकाशी उकिडवे बसून त्यांनी हवा सोडली. परत भरायला टायरवाल्या बाईंचा पंप मागून आणला होता. टायर खाली पोट सोडून बसल्यासारखे पसरले. मी बाजूच्या दगडावर उभी राहिले. गाडी निघाली. अर्ध्यापर्यंत चाकांनी मातीत स्वच्छ ठसे उमटवले. मग बरोबर झऱ्याच्या तोंडाशी मागचं चाक घसरलं आणि गाडी वीतभर मागे आली. सावकाशभाऊंनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकवर ठेवला. गाडी थांबली. नुसतं इंजिन चालू. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग चाक अगदी हळू फिरलं, एखाद्या बाळाला कुशीवर वळवावं तसं, आणि धरलं. गाडी वर गेली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा त्यांनी मागचं दार उघडलं होतं. वहिनी अजून झोपूनच होत्या, डोळे मागच्या काचेकडे.

"इथून ते झाड दिसतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पण दिसत होतं. दोन तास तेच बघत होते मी. तेव्हा माझ्याएवढं होतं. केवढं झालं हो."

"मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मला वाटायचं, तुला त्रास होईल."

"मलाही तुमच्याबद्दल तेच वाटायचं."

ते गाडीच्या काठावर वहिनींच्या पायाशी बसले. टायरची हवा मोजायचं निमित्त करून मी लांब गेले. मीटर गाडीतच राहिला होता, पण दोघांपैकी कुणी मला हाक मारली नाही. मी पाठ फिरवून झाडाकडे बघत राहिले. मागून वहिनींच्या रडण्याचा आवाज आला, मग सावकाशभाऊंचाही, आणि बऱ्याच वेळाने दोघं काहीतरी बोलत होते. मुलीचं नाव काय ठेवायचं ठरलं होतं, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.

कार्यालयाच्या कागदावर कारणासाठी चार ओळींची जागा होती. सावकाशभाऊंनी तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं ते असं: "सगळीकडच्या टायरांचा संच द्यावा. चिखलाच्या टायरने गाडी हमखास पोचते, पण आजारी माणसाला सोसत नाही. चढाला हवा कमी करून जाऊ. त्यासाठी हवा भरायचा पंप द्यावा." पंपाबद्दल वरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी साहेबांना एकदा मागे झोपून बघायचं आमंत्रण दिलं. पंप आला.

पुढे साडेतीन वर्षं बाईंची एकही फेरी चुकली नाही. पावसाळ्यात कधी कधी हवा सोडून, भरून पोचायला उशीर व्हायचा. हॉस्पिटलवाले कुरकुरायचे, मग त्यांनी आमची वेळच पुढची करून दिली. बाई गेल्या त्या घरी, स्वतःच्या पलंगावर, सकाळी. आदल्या दिवशीच त्यांना आणून सोडलं होतं आणि उतरताना त्यांनी सावकाशभाऊंच्या गालाला हात लावला होता.

वहिनी मात्र त्या चढावरच्या चाचणीपासूनच दर गुरुवारी आमच्याबरोबर येऊ लागल्या. जाताना मागे बसायच्या, बाईंचे पाय मांडीवर घेऊन चोळत. बाळंतपणाची बाई असली तर तिचा हात धरून. हवा सोडायला थांबलो की पेशंट घाबरायची, गाडी बंद पडली की काय म्हणून. वहिनी तिला सांगायच्या, "काही नाही गं, टायरला जरा पाय पसरू देतायत. तूही पसर."

येताना त्या आईच्या दाराशी उतरायच्या. म्हातारी नव्वदीला टेकलेली, पण जावयाचा मान सोडायची नाही. फाटकात येऊन म्हणायची, "आत या की जावईबापू, गाडी काय पळून जाणार आहे?" मागे पेशंट असला तर ते फाटकातच उभ्याने तांब्याभर पाणी प्यायचे. नसला तर मग आम्ही सगळेच आत जायचो.