मल्हारीनं उगारलेली मूठ

आमची पलटण तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका बर्फाळ ठाण्यावर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. शिपाई मल्हारी देवकते माझ्या हाताखाली. तो अणदूरचा, मी नळदुर्गचा, म्हणजे हाकेवरचे. धनगराचं पोर, थंडीनं कधी कुरकुरलं नाही. खंडोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी कायम त्याच्या खिशात. आम्ही चिडवायचो, "मल्ह्या, बर्फात हळद पेरतोस का?"

पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग शस्त्रसफाई, बर्फ उपसणं, पहारा. दिवस असे ठरलेले. एका सकाळी रॉकेलचा एक जेरीकॅन सापडेना. आमचे नायब सुभेदार ठाकूर पहाडी माणूस. कामाला चोख, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. फॉल-इनमध्ये सगळ्यांदेखत मल्हारीला म्हणाले, "तूने पोर्टर को बेच दिया."

मल्हारीचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं पुरचुंडी सोडली, भंडारा मुठीत घेतला आणि मूठ साहेबांच्या तोंडासमोर उगारली. "खंडोबाची आन..." एवढंच बोलला. आमच्याकडं शपथ अशीच घेतात. ठाकूर साहेबांना ते काय माहीत? ते दचकून मागं सरले आणि पेट्यांना अडखळून पडले.

आर्मी ॲक्ट, कलम चाळीस. वरिष्ठावर हमला. कोर्ट मार्शल झालं असतं तर नोकरी गेली असती, वर कैद.

"हवालदार सायेब, म्या बोट बी लावलं न्हाय," मल्हारी मला म्हणाला. "मग हमला कसा?"

गावाकडं बांधावरच्या भांडणात आजही हेच ऐकतो, "कोयता नुसता दावला, मारला कुठं?" मलाही तेव्हा तेच पटत होतं. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब, त्यांनी सुनावणीत ते खोडून काढलं.

"हात लागायची गरज नाही," ते म्हणाले. "समोरच्याला वाटलं पाहिजे की आता मार बसणार. आणि उगारणाऱ्याचा तसा हेतू पाहिजे, निदान जाणीव तरी." मग ठाकूर साहेबांकडं वळले. "तुम्हाला काय वाटलं?"

"डर लगा, साहब."

खरं बोलले बिचारे. मग माझी पाळी आली. मी भंडाऱ्याची रीत सांगितली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं.

"मूठ उगारली तेव्हा तो रागात होता?"

मल्हारी सावधानमध्ये उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

"होय, साहेब," मी म्हणालो.

खोटं कसं बोलणार? मारायचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून साहेबांनी हमल्याचा आरोप वगळला. बेशिस्तीबद्दल जादा पहारे मिळाले. मी देवाचे आभार मानले. नोकरी वाचली होती.

तिसऱ्या जादा पहाऱ्यावर मल्हारी पुढच्या पोस्टवर उभा होता. भर दुपारी पलीकडून मॉर्टरचा मारा सुरू झाला. वायरलेस सेटवर मागून परिस्थिती विचारली गेली, "सिटरेप?"

"पुढची पोस्ट हिट. एक जवान. ओव्हर," मी कळवलं.

मारा थांबायची वाट न पाहता ठाकूर साहेब सरपटत गेले आणि मल्हारीला पाठीवर घेऊन आले. उपयोग नव्हता. बर्फ वितळलं तेव्हा जेरीकॅन बंकरमागंच सापडला. ठाकूर साहेब त्याच्यापाशी बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना आवरलं नाही.

सुट्टीवर आलो तेव्हा अणदूरला त्याच्या आईला भेटलो. म्हातारीनं पाणी दिलं, मग देव्हाऱ्यातला भंडारा माझ्या तळहातावर ठेवला.

"लोक म्हनत्यात, लेकानं सायबावर हात उगारला. तुमी व्हता तितं. आता सांगा."

"चोरी केली न्हाय, मावशी. बोट बी लावलं न्हाय कुनाला."

"ते मला ठावं हाय. त्याच्या मनात मारायचं व्हतं का?"

मेजर साहेबांनी रागाचं विचारलं होतं. म्हातारीनं मनातलं विचारलं. शपथ घ्यायला मूठ उगारली की धमकवायला, की दोन्ही एकदमच? लई विचार केला होता मी, आणि मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. मी भंडारा मुठीत धरला.

"न्हाय, मावशी."

तिनं डोळ्याला पदर लावला आणि चहा टाकायला उठली.

आमच्या दोन्ही गावांत आळीपाळीनं राहणारा खंडोबा अणदूरहून नळदुर्गाला येतो तेव्हा दरवर्षी मी मल्हारीच्या नावानं भंडारा उधळतो. मूठ वर नेताना हात जड होतो.