एका योजनेची पेटी, दुसऱ्या योजनेच्या फ्रेम

मी एक फ्रेम ओढली आणि शेजारच्या चार हलल्या. तेव्हाच कळलं, हे काम तासाभराचं नाही.

पेटी सिरसाळ्याच्या रेहानाभाभींची. त्यांचे सासरे इस्माईलचाचा परळीत मोटारसायकल मेकॅनिक होते. हौसेनं मधमाश्या पाळायचे. ते गेले आणि पेटी भाभींच्या खरबुजाच्या रानात आली. मी मधपाळ. लोकांच्या पेट्या तपासून देतो.

फ्रेम म्हणजे लाकडी चौकट. पेटीत त्या ओळीनं टांगतात, माश्या त्यात पोळं बांधतात. विलायती माशीची फ्रेम मोठी, आपल्या सातेरी माशीची छोटी. चाचांना एका सरकारी योजनेत विलायती माश्या आणि मोठी पेटी मिळाली. फ्रेम दुसऱ्या योजनेतून आल्या, छोट्या. टांगायला गेलं की खाली पडायच्या. चाचांनी अर्जबिर्ज केला नाही. दोन्ही टोकांना गाडीचे स्पोक बसवले आणि फ्रेम लटकावल्या.

माश्यांना हे पटलं नाही. जाण्यायेण्यापुरती बारीक फट माशी मोकळी ठेवते. जास्त जागा दिसली की तिथं पोळं बांधते. इथं फ्रेमखाली हात जाईल एवढी जागा होती. आतून पेटीची एकच ढेप झालेली. तळाशी मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी. ती वर चढली की माश्या पेटी सोडून जातात.

मी योजनेच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, पेटी आणि फ्रेमचं माप जुळत नाही."

"दोन्ही मंजूर आहेत."

"पण एकमेकांत बसत नाहीत."

"तसा कॉलमच नाही फॉर्ममध्ये. माश्यांना सवय होऊ द्या."

भाभी ऐकत होत्या. पोळं कापून मापाच्या फ्रेममध्ये बांधावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. "भाऊ, कापलं तर मरतील का वो?"

"राणी दुखावली तर वसाहत जाऊ शकते. नाही कापलं तर जाणारच आहे."

भाभींनी पेटीवर हात ठेवला. "अब्बा रोज सकाळी यांच्यासंगं बोलायचे. लोक लई हसायचे. कापा तुमी. धूर मी धरते."

गावातल्या सुताराकडून मोठ्या फ्रेम करून घेतल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सुरुवात केली. तिसऱ्या तुकड्यावर राणी सापडली. तिला भोकं पाडलेल्या काड्यापेटीत ठेवलं. अंडी-अळ्यांचे तुकडे जसे होते तसेच उभे, नव्या फ्रेममध्ये सुती दोऱ्यानं बांधले. किडलेलं जाळलं, राणीला परत आत सोडलं. भाभींना तीनदा डंख बसला. धुराचा डबा त्यांनी खाली ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी झाकण काढलं. पोळं लाकडाला घट्ट धरलेलं. माश्यांनी दोरा कुरतडून दाराबाहेर फेकलेला. आत ताजी अंडी. भाभी बांधावर बसून रडल्या, मग स्वतःलाच हसल्या.

त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. फाईल बघून म्हणाले, "फ्रेम मोठ्या कशा? नोंद छोट्यांची आहे. पूर्ववत कराव्या लागतील."

भाभींनी तोंडावरची जाळी काढून त्यांच्यापुढं धरली. "करा की साहेब. आमी न्हाई कशाला म्हनू?"

साहेबांनी जीपमध्ये बसूनच सही केली. शेरा मारला : 'फ्रेम समाधानकारक.'

वारशात पेटी आली तर आधी पेटी मोजा, मग फ्रेम मोजा. मंजुरी बघून पोळं सरळ होत नाही.