विल्डाने नेलेली क्लिका

आमच्या लेओशचा कुणावर विश्वास म्हणून नाही. बेकरीतल्या बाईने सहा पाव मोजून दिले, तरी हा बाहेर येऊन पुन्हा मोजणार. डॉक्टर म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे, तर ह्याचं आपलं, "काहीतरी लपवतोय तो." जंगलातली अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही हे आमच्या चेक मुलखात, मोरावियात, सगळेच पाळतात, पण हा बायकोलाही सांगत नाही. चव्वेचाळीस वर्षं ह्याची अळंबी मी निवडतेय, वाळवतेय, आणि ती येतात कुठून हे मला ठाऊक नाही. कप्पाळ माझं!

चाळीस वर्षं हा कारखान्यात लेथवर होता. केसाएवढा फरकही चालायचा नाही. वडिलांची लाल जावा मोटरसायकल परसातल्या शेडमध्ये होती. दोन हजार चारच्या वसंतात हिचं इंजिन ह्याने खोललं, ते विल्डाबरोबर. विल्डा म्हणजे तीन घरं पलीकडचा, शेती-सोसायटीचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघं शाळेपासूनचे मित्र. हा मोजमापावर चालायचा, तो कानावर, आणि दिवसभर भांडायचे.

शब्दावरूनही भांडायचे. इंजिनात पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा जो जड भाग असतो, त्याला लेओश पूर्ण नावाने क्रँकशाफ्ट म्हणायचा. विल्डा गॅरेजवाल्यांसारखं नुसतं 'क्लिका' म्हणायचा. आता आमच्याकडे क्लिका म्हणजे दाराचं हँडलही. नशिबालाही आम्ही क्लिकाच म्हणतो.

"क्लिका दाराला असते," लेओश डाफरायचा. "तू ट्रॅक्टरवालाच राहणार!"

"आणि तू म्हातारी मास्तरीण," विल्डा म्हणायचा.

त्या मे महिन्यात लेओश पाठीच्या उपचारांना तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला. मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात कुंपणावरून विल्डा ओरडला, "द्राहा, क्लिका घेऊन जातोय गं! पार डुगडुगतेय. लेओशच्या नामदिनापर्यंत नवी करून आणतो. त्याला बोलू नकोस, गंमत करू!"

शेडच्या दाराचं हँडल वर्षभर डुगडुगत होतं, हातात यायचं. आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो, त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला भेट देतात. म्हटलं, वा रे गंमत, नामदिनाला दाराचं हँडल! शिवाय विल्डाने आमची शिडी नेली होती, ती दोन वर्षांनी परत आली होती. माझाही कुठे विश्वास होता त्याच्यावर? मी जाऊन बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानातून नवं हँडल आणलं, जुनं दारालाच लटकत होतं, म्हटलं, बोलला पण नेलं नाही; ते उपटून नवं स्वतः बसवलं आणि विसरून गेले.

लेओश आला, शेडमध्ये गेला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला.

"हँडल कुणी बदललं?"

"मी. जुनं निघालं होतं."

"निघालं नाही, काढलं. क्रँकशाफ्ट चोरीला गेलाय."

क्रँकशाफ्ट म्हणाला हो तो! क्लिका म्हणाला असता तर माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला असता. किल्ली कुंडीखाली असते हे फक्त विल्डाला माहीत, आणि बाकावर त्याच्या विडीचं थोटूक. लेओशच्या कोर्टात खटला संपला. ना तो विचारायला गेला, ना भांडायला. बिअरच्या गुत्त्यात आपला ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. पुरुषांच्या रागाला कधीकधी एवढंच लागतं.

एकोणीस जूनला, नामदिनाला, विल्डा फाटकाशी आला. अंगात स्वच्छ सदरा, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. लेओश खिडकीतूनच ओरडला, "आम्ही घरी नाही!"

विल्डा गोणपाट काखेतच घेऊन परत गेला. "आपल्याला कळलंय का, ते बघायला आला होता," लेओश म्हणाला. आणि मीही मान डोलावली. आज ती आठवण आली की माझी मलाच लाज वाटते.

जावावर ताडपत्री पडली ती एकोणीस वर्षं. मागच्या उन्हाळ्यात विल्डा गेला. लेओश अंत्यविधीला सगळ्यांच्या मागे उभा राहिला, टोपी हातात. ऑक्टोबरात एक दिवस ताडपत्री ओढून म्हणाला, "आता चोरायला कुणी उरलं नाही."

शेगडी पेटवून रोज शेडमध्ये बसायला लागला. सिलिंडर घासून घेतला, बेअरिंगं आणली. जुन्या भागांच्या बाजारातून एक क्रँकशाफ्टही आणला. गेजवर लावून फिरवला, काटा हलला, म्हणजे केसभर वाकडा, तर तीस किलोमीटर उलट जाऊन विकणाऱ्याच्या अंगावर टाकून आला. "सगळे विल्डाचेच भाऊ," म्हणाला.

नोव्हेंबरात विल्डाची बायको ब्लाझेना आली. हातात पिशवी, पिशवीत जड काहीतरी. आत यायला तयार नव्हती.

"शेडमध्ये उजेड दिसतो तुमच्या. म्हणून आणलं. लेओशची क्लिका," ती म्हणाली. "त्याने सांगून ठेवलं होतं, लेओश मागेल तेव्हा द्यायची. लेओश काही मागत नाही. विल्डा दरवर्षी पितरांच्या दिवशी, थडग्यांवर मेणबत्त्या लावून आला की गंजू नये म्हणून हिचं तेल बदलायचा. ह्या वर्षी मी बदललं. चुकलं असलं तर बघा बाई."

क्लिका! मी ध चा मासुद्धा केला नव्हता. शब्द तोच, फक्त ऐकणारी मी होते.

लेओशने कापड सोडलं, वास घेतला. "ताजं तेल! बघितलंस? विकायच्या तयारीत होता." मग त्याने ती गेजवर लावली आणि हळूहळू फिरवली. काटा जागचा हलेना. पुन्हा फिरवली. दांडा नवा, पिन नवी. आतल्या बाजूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: लेओशला, १९ जून.

त्याने चिठ्ठी उलटसुलट करून वाचली. "ही चोरी नाही," म्हणाला, जणू माझ्यावरच आरोप करत होता. "मग हे आहे काय?"

गप्प बसता आलं असतं. पण त्या माणसाला थडग्यात चोर म्हणून ठेवायचं? मी सगळं सांगितलं. कुंपण, गंमत, हँडल, सगळं.

वाटलं, आता भांडी फुटणार. लेओशने शेडच्या दाराकडे बघितलं, एकोणीस वर्षं आपण ज्याला धरून आत-बाहेर करतोय त्या हँडलकडे. मग म्हणाला, "तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही." बस. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द त्याने पुन्हा मोजला नाही.

इंजिन त्याने मार्चपर्यंत जोडलं. दुसऱ्या किकला सुरू झालं. निळा धूर, आणि तो फटफट आवाज. मी रडले, सांगायला लाज कसली. तो हसलाही नाही. टोपी घातली आणि जावावर बसून गेला.

तासाभराने परत आला. मी विचारलं, "कुठवर गेलास?"

"दफनभूमीच्या फाटकापर्यंत."

"आत नाही गेलास?"

"कसा जाणार? आम्ही घरी नाही, म्हणाला असता तो."

हातमोजे काढून त्याने खिळ्याला लावले.

"पण इंजिन बंद केलं नाही," म्हणाला. "दहा मिनिटं चालू ठेवलं तिथेच. त्याला कानावरच कळायचं ना सगळं."